ग्लुटेन-फ्री वाल्यांनो, स्टेशनवरच्या कॉफीच्या नादी लागू नका

कॉफीच्या बियांत ग्लुटेन, म्हणजे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं प्रथिन, नसतंच, त्यामुळे "साधी कॉफी तर घेतेयस, तिला काय होतंय" असं ज्याला त्याला सुचतं. मला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे ग्लुटेन पोटात गेलं की आतड्याला इजा होते, खायचा डबा बरोबर होता, म्हणून खाण्याची चिंता नव्हती. सगळी डोकेदुखी झाली ती गाडी बदलायच्या स्टेशनवर.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आमच्याकडे सगळं ग्लुटेन-फ्री. मी जरा वाकून आत बघितलं तर ओट मिल्क तापवलेल्या जगमध्येच पुढच्याचं साधं दूध ओतलं, वाफेच्या नळीवर ओटचा थर वाळून चिकटलेला आणि एकच ओलं फडकं नळीवरून, ट्रेवरून, क्रोसाँच्या चुऱ्यावरून फिरतंय!! ओट्समध्ये गहू आणि बार्ली शेतापासून दळण्यापर्यंत कुठेही मिसळते, त्यामुळे पॅकवर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं पाहिजे, म्हणजे किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत, आणि तरीही काही जणांना ओट्स सोसत नाहीत ते नाहीतच. पॅक दाखव म्हटलं तर तो कचऱ्यात गेलेला. जग धुऊन घे म्हटलं तर बिलात "स्पेशल मिल्क"चे जादा पैसे, साध्या दुधाला! भांडले, पैसे परत घेतले, कॉफी न पिताच निघाले, डोकं ठणकत होतं ते वेगळंच.

प्लॅटफॉर्मवरच्या मशीनकडे तर बघूही नका. एकाच नळीतून कॉफी, माल्टचं चॉकलेट ड्रिंक आणि सूप येतं, आणि माल्ट म्हणजे बहुतेक वेळा बार्लीच. त्यातलं नुसतं गरम पाणीही नको.

"ग्लुटेन-फ्री आहे का" हा प्रश्न फुकट आहे, हो म्हणूनच सांगतात. ओट मिल्कची नळी आणि जग वेगळा आहे का ते विचारा, समोरचा गोंधळला की सरळ काळी कॉफी घ्या, बशीत बिस्किट ठेवू नका हे आधीच सांगा. सिरपची बाटली वाचायला मिळाली नाही तर सिरप नको, ब्लेंडरमधलं काहीच नको, त्यात आधी कुकी फिरवलेली असते.

पुढचा प्रवास छान झाला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता मी इन्स्टंटच्या पुड्या नेते, घटकांत फक्त कॉफी असलेल्या. चिकोरी चालते, पण "कॉफीला पर्याय" म्हणून मिळणाऱ्या पावडरींत बऱ्याचदा भाजलेली बार्ली किंवा राय असते, त्या नीट वाचा. विमानतळावर थर्मास रिकामा न्या, तपासणीनंतर पाणी भरा, आणि गरम पाणी मागताना ते किटलीतलं आहे की वाफेच्या नळीतलं ते आपल्या डोळ्यांनी बघा.