तुम्ही विचारलंत म्हणून: एकत्र बसता, मग प्रार्थना वेगळ्या का?

दर महिन्याच्या २१ तारखेला आम्ही मिरजेत निरनिराळ्या धर्मांची वीस-पंचवीस माणसं जगाच्या शांतीसाठी एकत्र बसतो. सतरंजी एक, वेळ एक, प्रार्थना मात्र ज्याची त्याची. एक जण म्हणतो, बाकीचे ऐकतात. हे पाहून गेलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा जाताना विचारतो, ‘बाई, एवढं जमवलंत, मग सगळ्यांनी मिळून एकच प्रार्थना का म्हणत नाही? तेवढ्यावरच का अडलंय?’

‘आमची पद्धतच तशी आहे,’ असं सांगून मी आजवर वेळ मारून नेली. ते खरं नाही. पद्धत आधी तशी नव्हती. ती मोडली, आणि माझ्यामुळे मोडली.

२००९ चा दंगलीचा सप्टेंबर मिरजेत ज्यांनी काढला त्यांना आमच्या या बसण्याची सुरुवात कशी झाली ते सांगायला नको. एक मात्र आज कबूल करते. आम्ही ‘जगाची शांती’ हा विषय घेतला तो मनाच्या मोठेपणातून नव्हे, भीतीपोटी घेतला. मिरजेचं नाव काढलं की कुणाच्या गल्लीत काय झालं, दगड आधी कुणी मारला, हे निघणार. जगाचं नाव घेतलं की कुणाला काही टोचत नव्हतं. हिरोशिमासाठी डोळे मिटून बसणं आम्हाला आमच्याच चौकासाठी बसण्यापेक्षा सोपं होतं. याची लाज वाटते का? वाटते. पण त्या वर्षी दुसऱ्या कुठल्या नावाखाली आम्ही एका खोलीत बसलोच नसतो, हेही खरं आहे.

पहिली काही वर्षं सगळे एकत्र प्रार्थना म्हणत असू. ती मी लिहिलेली होती. तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, मला शब्दांचा अभिमान होता. राम, रहीम, येशू, बुद्ध, महावीर अशी नावं एकेका ओळीत गुंफलेली आणि शेवटी ‘नावे निराळी, देव तू एक, आम्ही सारी तुझीच लेकरे’. चाल सोपी, लहान मुलांनाही यायची. सर्वधर्मसमभाव म्हणजे हाच, अशी माझी ठाम समजूत होती. यात कुणाला काही खटकू शकेल, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

२०१६ ची २१ सप्टेंबर. तो आंतरराष्ट्रीय शांतता दिवस, म्हणून आम्ही नेहमीची खोली सोडून एक मोठा हॉल घेतला होता. दीडशेच्या आसपास माणसं आली होती. स्टेजवर समई, मागे बॅनर, प्रत्येक खुर्चीवर प्रार्थनेचा छापील कागद. पहिल्या रांगेत चाचा बसले होते. रेल्वेत यांच्याबरोबर नोकरीला होते. आमची मुलं त्यांना चाचा म्हणत, पुढं मीही तेच म्हणू लागले. ते मला वहिनी म्हणत. यांच्या शेवटच्या आजारात रात्र-रात्र दवाखान्यात बसलेला माणूस. खोलीतल्या बैठकांना ते दाराजवळ बसायचे. तिथं कुणाचे ओठ हलतात, कुणाचे नाही, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी स्टेजवरून सगळं दिसत होतं. सगळे उभे राहिले, हात जोडले. चाचाही उभे राहिले. कागद घडी करून खिशात, हात पुढे बांधलेले, नजर खाली. दुसरं कडवं झालं तरी ओठ मिटलेलेच. शेजारी त्यांचा नातू, तेव्हा सातवीत. तो आजोबांकडे बघून गप्प.

आणि मी माईकवरून म्हणाले, ‘चाचा, तुम्हीपण म्हणा ना. शांततेसाठी तर आहे.’

प्रेमानं म्हणाले होते, हे आजही शपथेवर सांगेन. पण दीडशे माणसं त्यांच्याकडे वळून बघू लागली. फोटो काढणारा मुलगा वाकून पुढे आला. चाचांनी मान वर केली आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘वहिनी, मला तेवढं म्हणता येणार नाही. मी उभा आहे.’

मागच्या रांगांतून कुणीतरी म्हणालं, ‘यांना शांतता नकोच आहे.’

ते वाक्य मी ऐकलं. माईक माझ्या हातात होता. ‘कोण म्हणालं ते? तोंड सांभाळा’ एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी तिसरं कडवं सुरू केलं. कार्यक्रम बिघडू नये म्हणून. प्रार्थना संपली तेव्हा त्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

महिनाभर मी त्यांच्यावर रागावलेली होते, हे लपवत नाही. घरात मुलांना म्हणत होते, ‘एवढी वर्षं येतात, एक ओळ म्हटली असती तर काय झालं असतं? सगळ्यांसमोर मला खाली बघायला लावलं.’ मला खाली बघायला लावलं, असं. त्यांना कुणी काय करायला लावलं ते डोक्यात यायला दिवाळी उजाडली.

फराळाचा डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. चहा झाला, रेल्वेच्या गोष्टी झाल्या. मग तेच म्हणाले, ‘वहिनी, तुमच्या गणपतीला मी किती वर्षं येतोय? आरती सुरू झाली की दारात उभा राहतो. साहेबांनी कधी म्हटलं का, टाळ्या वाजव? तुम्ही कधी म्हटलंत? आरती झाली की मोदक हातात. तिथं तुम्ही मला सोडलंत. इथं का धरलंत?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणाले, ‘चाचा, त्यात रहीमचंही नाव होतं.’ ते म्हणाले, ‘म्हणूनच जास्त अवघड.’ मग थोड्या वेळानं, ‘अल्लाच्या बरोबरीला मी दुसरं नाव ठेवू शकत नाही. याचा अर्थ तुमच्या देवाचा मी अपमान करतो असा नाही. मी गप्प राहतो. गप्प राहणं चालत नाही का?’

घरी आले आणि बाकीच्यांना एकेक करून विचारायला लागले. विचारायलाच नको होतं, असं वाटावं अशी उत्तरं मिळाली. माझे एक बौद्ध सहकारी, पंधरा वर्षं एका स्टाफरूममध्ये बसलो. ते म्हणाले, ‘बाई, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या तेव्हा माझे वडील दीक्षाभूमीवर होते. दुसरीच प्रतिज्ञा आहे, राम आणि कृष्ण यांना देव मानणार नाही. आणि मी तुमच्या कार्यक्रमात रामाचं नाव घेऊन देव म्हणत होतो. तुमचं मन मोडू नये म्हणून.’ जैन मैत्रीण म्हणाली, ‘आमच्यात जग निर्माण करणारा देवच नाही गं. पण एवढ्याशा गोष्टीसाठी काय बोलायचं?’ मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर म्हणाल्या की त्या येशूच्या नावापुरतंच तोंड उघडायच्या.

म्हणजे इतकी वर्षं ती प्रार्थना मनापासून, पूर्ण कोण म्हणत होतं? आम्ही. ज्यांना ‘नावं वेगळी, देव एक’ म्हणताना काहीच सोडावं लागत नाही ते. बाकीचे माझ्या भिडेखातर काहीतरी गिळत होते, आणि मी त्याला एकोपा समजत होते.

नंतर वाचत गेले. इटलीतल्या असिसीत २७ ऑक्टोबर १९८६ ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरच्या धर्मांच्या प्रमुखांना शांतीसाठी बोलावलं होतं. दलाई लामा होते, कँटरबरीचे आर्चबिशप होते. त्या दिवशी उपवास होता, आणि जगातल्या सगळ्या लढाया निदान तेवढ्या दिवसापुरत्या थांबवा असं आवाहनही होतं. पण एक प्रार्थना सगळ्यांनी म्हटली नाही. आधी प्रत्येक धर्माचे लोक गावातल्या वेगवेगळ्या जागी बसले. मग संत फ्रान्सिसच्या चर्चसमोरच्या चौकात सगळे जमले, आणि एकानं प्रार्थना करायची, बाकीच्यांनी ऐकायची, असं पाळीपाळीनं झालं. प्रार्थनेसाठी एकत्र यायचं, एकत्र प्रार्थना करायची नाही, हा फरक त्यांनी आधीच नीट सांगितला होता. मला तो कळायला चाचांची रिकामी खुर्ची लागली.

गांधीजींचं उदाहरण मात्र मला दोन्हीकडून अडवतं. त्यांच्या सभेत गीतेबरोबर कुराणातल्या आयती म्हटल्या जात, म्हणजे ते तर एकत्रच करत होते. पण १९४७ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत कुणीतरी त्या आयतींना हरकत घेतली तेव्हा त्यांनी प्रार्थना थांबवली. आयती गाळून पुढे गेले नाहीत, आणि हरकत घेणाऱ्याला गप्प बसवूनही गेले नाहीत. मी काय केलं? तिसरं कडवं.

तुमच्यापैकी काही जण म्हणतात, मिरजेत राहून हे बोलता? इथं ख्वाजा शमना मीरांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मोठमोठे गवई गाऊन जातात, तिथं कोण कुणाचा धर्म विचारतो? आपल्याच जिल्ह्यात गोटखिंडीला १९८० पासून गणपती मशिदीत बसतो, कडेगावच्या मोहरमला हिंदूंचेही ताबूत निघतात. सगळं खरं. मलाही त्याचा अभिमान आहे. पण गोटखिंडीत तिथल्या माणसांनी आपसांत बसून ठरवलं. मी चाचांशी काय ठरवलं होतं? मी छापून आणलं होतं.

आणि तरी. जुनी मी अजून गेलेली नाही, ती रात्री भांडायला येते. म्हणते, शेजारी बसून आपापलं म्हणायचं आणि उठून जायचं, हे तर बसस्टँडवरही होतं. कुणीच कुणासाठी एक शब्दही सोडायचा नाही, तर जवळ कधी येणार? पसायदान तर घे, म्हणते, त्यात कुठल्या एका देवाचं नाव आहे? विश्वात्मक देव आहे. मी तिला म्हणते, ‘देव’ तर आहे ना, माझ्या बौद्ध मित्राचं काय? ती म्हणते, मग शब्दच नको, नुसता सूर? यावर मला काही सुचत नाही. सगळ्यांचा आवाज एकदम उठायचा तेव्हा अंगावर काटा यायचा. तो आता येत नाही. मला त्याची आठवण येते, हे तुमच्यापासून कशाला लपवू?

आता असं करतो. वेळ असर आणि मगरीबच्या, म्हणजे दुपारनंतरच्या आणि सूर्यास्ताच्या नमाजांच्या, मधली. समई नाही, फोटो नाही, हार नाही. क्रम चिठ्ठी टाकून. त्रिशरण-पंचशील, णमोकार मंत्र, प्रभूची प्रार्थना, सूरह फातिहा, पसायदान. ज्याला काहीच म्हणायचं नाही तो आपल्या पाळीला दोन मिनिटं गप्प बसतो, आणि ती दोन मिनिटं कुणी कमी करत नाही.

तरी भांडण टळलेलं नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर जगसुद्धा लांबचं राहिलं नाही. गाझाचं नाव घ्यायचं की नाही, घेतलं तर आधी कुणाच्या मेलेल्यांचं, यावर आमच्यात आवाज चढले, दोघं यायचे बंद झाले. शेवटी कुठल्याच देशाचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. कॉलेजला जाणारी एक मुलगी म्हणाली, ‘नाव न घेता मागायचं, तर नक्की कुणासाठी मागतोय आपण?’ तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. आमच्या बसण्यानं एखादी तोफ थांबली का, हेही विचारता तुम्ही. नाही थांबली. मी बसते, कारण त्या तासात मला माझ्याहून वेगळ्या माणसाची प्रार्थना शेवटपर्यंत ऐकावी लागते, आणि त्या संध्याकाळी मला तेवढंच जमलं नव्हतं.

चाचा पुन्हा कधी आले नाहीत. घरी बोलणं होतं, ईदेला शीरखुर्मा यायचा, गणपतीला ते दारात उभे असायचे. नवी पद्धत मी सांगितली तेव्हा म्हणाले, ‘अच्छा केलंत.’ या, असं मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही, धरल्यासारखं होईल म्हणून. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. कब्रस्तानात मोजकी माणसं होती, आम्हाला फाटकापर्यंतही जाता आलं नाही.

गेल्या वर्षापासून त्यांचा नातू येतो. आजोबांसारखाच दाराजवळ बसतो. मागच्या महिन्यात चपला घालता घालता म्हणाला, ‘आज्जी, ती तुमची तेव्हाची प्रार्थना, दादांनी म्हटली नव्हती ती. आहे का तुमच्याकडे? मला वाचायचीय.’

आहे. त्या दिवशीचे उरलेले कागद कपाटात एका गठ्ठ्यात आहेत. शोधून ठेवते म्हणाले. अजून काढलेले नाहीत.