तुम्ही विचारलंत म्हणून : ज्युनिपर पहिल्याच दिवशी उथळ कुंडीत का लावायचा नाही?

रोपवाटिकेतून आणलेला ज्युनिपर (एक सदाहरित सूचिपर्णी झाड) छाटून, तारा गुंडाळून, त्याच दिवशी बोन्सायच्या उथळ कुंडीत का लावायचा नाही, असे मला अनेक जण विचारतात. त्यामागची उत्सुकता मला समजते, कारण उथळ कुंडीत बसताच झाड वयस्क दिसू लागते. तरीही माझे उत्तर ठाम आहे : कुंडी सर्वांत शेवटी.

ज्युनिपरचे बळ मुख्यतः त्याच्या पाल्यात असते. पाल्यात तयार झालेले अन्न मुळांना पोसते आणि मुळांनी ओढलेले पाणी पाल्याला जगवते. आपण फांद्या छाटतो तेव्हा मुळांचे अन्न कमी होते, उथळ कुंडीत बसवण्यासाठी मुळे कापतो तेव्हा पाल्याचे पाणी तुटते. दोन्ही एकाच दिवशी केले, तर झाडाने कशाच्या आधारावर सावरायचे? त्यातही फसवी गोष्ट अशी की, मुळे मेल्यानंतरही ज्युनिपरचा पाला कित्येक आठवडे हिरवा दिसत राहतो. झाड तगले असे आपण मानतो, आणि पाला करडा पडून कुरकुरीत होतो तोवर उपाय करण्याची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून पहिला हंगाम फांद्यांचा. त्याआधी खोडाजवळची वरची माती बोटांनी हलकेच बाजूला करावी, कारण रोपवाटिकेतली झाडे पुष्कळदा खोल लावलेली असतात आणि जिथून मुळे पसरू लागतात तो खोडाचा रुंद पाया मातीखाली दडलेला असतो. झाड निवडतानाही मी दाट शेंड्याकडे पाहत नाही; खोडाचा खालचा भाग जाड आहे का, त्याला वळण आहे का आणि खोडाजवळ जिवंत पाला आहे का, एवढेच पाहतो. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण ज्युनिपरच्या उघड्या जुन्या लाकडावर नवी पालवी सहसा फुटत नाही. फांदी आखूड करताना तिच्यावर हिरवा पाला उरलाच पाहिजे, नाहीतर ती फांदी गेली असे समजावे. नको असलेली जाड फांदी मात्र खोडालगत कापण्याची घाई करू नये. तिचा खुंट ठेवून साल सोलली, तर वाळलेल्या लाकडाचा ‘जिन’ तयार होतो, आणि ज्युनिपरला तो विलक्षण शोभतो. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पाला मी काढत नाही. तेजीत वाढणारे झाड याहून अधिक सोसू शकते, पण नव्या माणसाने तो धोका पत्करू नये असे मला मनापासून वाटते.

फांदीला वळण देण्यासाठी गुंडाळायची तार फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश असावी, ती सुमारे 45 अंशांच्या तिरकस वेटोळ्यांनी गुंडाळावी आणि वाकवताना वेटोळे बाकाच्या बाहेरच्या अंगाला येईल असे पाहावे, म्हणजे ताणली जाणारी साल फाटत नाही. तार सालीत रुतू लागण्याआधीच कापून काढावी. उलगडण्याच्या खटाटोपात फांदी मोडते.

यानंतर झाडाला सोडून द्यावे. ते उघड्यावर, उन्हात ठेवावे, खोलीत नव्हे. शेंडे चिमटत बसू नये. फांद्यांची टोके जोमाने लांबू लागली की मुळे समर्थ झाल्याचे कळते, आणि तेव्हाच पुढच्या वसंताच्या तोंडावर कुंडी बदलण्याचा विचार करावा.

तिथेही सगळी जुनी माती एकदम धुऊन काढू नये. रोपवाटिकेतली बारीक, सेंद्रिय माती दीर्घकाळ ओली राहते, आणि ती पूर्ण वाळली की पाणी आत न मुरता कडेने निघून जाते. त्यामुळे तिच्या जागी पाण्याचा निचरा करणारी भरड, दाणेदार माती हवीच. पण मुळांच्या गोळ्याचा अर्धा भाग या वेळी मोकळा करावा आणि उरलेला पुढच्या वेळी, म्हणजे एकदोन वर्षांनी. मुळांभोवती पांढरी बुरशी दिसली, तर ती रोग समजून खरवडू नये. ती मुळांना पाणी आणि क्षार मिळवून देणारी सोबतीण असू शकते. शेवटी झाड तारेने कुंडीला घट्ट बांधावे, कारण ते वाऱ्याने हलत राहिले तर मुळांची कोवळी टोके तुटतात. त्या वर्षी मोठी छाटणी करू नये, आणि नवी वाढ दिसेपर्यंत खतही देऊ नये.