तुम्ही विचारलंत म्हणून : भिंतीवरचा सायकलवाला

जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या खोलीत दातांचे प्लास्टरचे साचे, एक्स-रे पाहायचा दिवा आणि फार तर गणपतीचं एखादं चित्र असावं, अशी येणाऱ्यांची अपेक्षा असते. माझ्या भिंतीवर मात्र अंगावर येणाऱ्या चढावर सायकल रेटत निघालेल्या एका माणसाचा फोटो आहे. त्यामुळे "डॉक्टर, हा कोण? तुमच्या घरातला का?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. खुर्चीत बसलेल्या पेशंटचा जबडा बहुधा तारांनी बांधलेला असतो, म्हणून प्रश्न सोबतची आई किंवा भाऊ विचारतो आणि मी घाईत काहीतरी त्रोटक सांगून पुढचा केसपेपर उघडते. नाशकात डॉक्टरांचं सायकलवेड नवं नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पुरी केली, तेव्हापासून इथे कुणालाही आपला डॉक्टर सायकलवेडा असल्याचं आश्चर्य वाटत नाही. पण माझा फोटो त्या वेडातून आलेला नाही, आणि म्हणून एकदा नीट उत्तर द्यायला हवं.

फोटोतल्या माणसाचं नाव फाबिओ याकोबसेन. तो नेदरलँड्सचा, आणि सायकलिंगच्या भाषेत स्प्रिंटर, म्हणजे दीडदोनशे किलोमीटर सोबत्यांच्या आडोशाने चालवून शेवटच्या दोनतीनशे मीटरमध्ये सगळी ताकद ओतणारा. 5 ऑगस्ट 2020 रोजी पोलंडच्या काही दिवसांच्या शर्यतीचा पहिला टप्पा कातोवित्से शहरात संपत होता. शेवटचा रस्ता उताराचा असल्याने स्वार ताशी सुमारे 80 किलोमीटरच्या वेगाने रेषेकडे येत होते. डिलन ग्रुनेवेगेन हा त्याचाच देशबांधव आपली सरळ वाट सोडून उजवीकडे सरकला, मागून वर येणाऱ्या याकोबसेनला जागा उरली नाही, आणि तो कडेच्या बॅरिकेडवर आदळला. ती बॅरिकेडं धक्का झेलण्याऐवजी सुटी होऊन उडाली. रेषा आधी ओलांडलेल्या ग्रुनेवेगेनला बाद ठरवल्यामुळे नियमाप्रमाणे त्या टप्प्याचा विजेता याकोबसेन ठरला. विजेत्याला मात्र तेव्हा जिवंत ठेवण्याची धडपड चालू होती.

इथून पुढचं मी डॉक्टर म्हणून वाचलं. सोस्नोवियेत्सच्या रुग्णालयात त्याच्या चेहऱ्यावर सुमारे पाच तास शस्त्रक्रिया झाली आणि त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवण्यात आलं. मेंदूला मार, कवटीला तडा, टाळू फाटलेला, दोन्ही जबड्यांच्या हाडांचे काही भाग दातांसकट गेलेले, आणि चेहऱ्याला 130 टाके. टाक्यांचा आकडा ऐकून लोक हळहळतात, पण माझ्या धंद्यातल्या माणसाचं लक्ष टाक्यांकडे जात नाही, कारण कातडी लवकर जुळते. लक्ष जातं ते गेलेल्या हाडाकडे. मोडलेलं हाड प्लेट आणि स्क्रू लावून जोडता येतं. जे हाड जागेवर उरलेलंच नाही, ते कुठूनतरी आणावं लागतं.

ते बहुतेक वेळा कमरेतून आणतात. आपण कमरेवर हात ठेवून उभे राहतो तेव्हा अंगठ्याखाली जी कड लागते, तिथे वरच्या पातळ कवचाखाली मऊ, रक्ताने भरलेलं, भिजलेल्या ब्रेडसारखं हाड असतं. ते चमच्यासारख्या हत्याराने खरवडून काढायचं आणि जबड्याच्या खड्ड्यात दाबून बसवायचं. याकोबसेनवर हीच शस्त्रक्रिया त्याच वर्षी झाली. माझ्या पेशंटना मी आधीच बजावून ठेवते की तोंडापेक्षा कंबर जास्त दुखेल, आणि तरीही दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरताना प्रत्येकजण माझ्याकडे फसवल्यासारखं पाहतो. पहिले काही दिवस माणूस लंगडतो. ज्याची सगळी कमाई कमरेच्या आणि मांड्यांच्या जोरावर, त्याच्या कमरेतलं हाड काढून जबड्यात भरायचं, हे वाचताना मी शल्यविशारद असूनही क्षणभर थांबले होते.

त्यानंतर फक्त वाट पाहायची. बसवलेलं हाड आधी आपल्यासारखं व्हावं लागतं आणि मगच त्यात दातांचे इम्प्लांट बसवता येतात. त्याला चारसहा महिने लागतात आणि त्यात कोणाच्याही निश्चयाने एक आठवडासुद्धा कमी होत नाही. तोवर पेज, गाळलेली डाळ, ताक आणि पातळ खिमट. मोटरसायकलवरून पडून आलेला एक विशीतला मुलगा माझ्याकडे होता, त्याने तारा सोडल्यावर पहिल्यांदा तोंड उघडून विचारलं ते "भाकरी कधी?" एवढंच. नोकरी, लग्न, चेहऱ्यावरचा व्रण यांतलं काहीच त्याने विचारलं नव्हतं.

लोकांना मात्र या गोष्टीचा शेवट आधी हवा असतो, आणि शेवट आहेही देखणा. अपघातानंतर साधारण वर्षाने, ऑगस्ट 2021 मध्ये, याकोबसेन स्पेनच्या व्हुएल्टाला उतरला. तीन आठवडे चालणाऱ्या ज्या तीन शर्यतींना ग्रँड टूर म्हणतात, त्यांतली ही एक. चौथ्या टप्प्यात मोलिना दे आरागोन इथे तो जिंकला, आठव्यात ला मांगाच्या समुद्रकाठी जिंकला, सोळाव्यात 31 ऑगस्टला, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, पुन्हा जिंकला, आणि टप्प्यांवर सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याची हिरवी जर्सी अंगात घालून सांतियागोपर्यंत, म्हणजे शर्यतीच्या शेवटापर्यंत पोचला. वर्तमानपत्रांनी याला पुनर्जन्म म्हटलं. शब्द चुकीचा नाही, पण पुनर्जन्म म्हटलं की अपघातापासून पुन्हा शर्यतीत उतरेपर्यंतचे मधले आठ महिने नाहीसे होतात, आणि माझ्या खुर्चीतला पेशंट नेमका त्या आठ महिन्यांत बसलेला असतो. हिरव्या जर्सीचा फोटो त्याच्यासमोर लावला तर तो मला चेष्टेसारखा वाटेल.

त्या फोटोपेक्षा मला एप्रिल 2021 ची तुर्कस्तानची शर्यत जास्त बोलकी वाटते. ती त्याची अपघातानंतरची पहिली शर्यत होती. त्याच्याच संघातल्या मार्क कॅव्हेंडिशने तिथे चार टप्पे जिंकले, आणि कॅव्हेंडिश स्वतःच संपलेला समजला जात होता, त्यामुळे कौतुक सगळं तिकडे गेलं. ते योग्यही होतं. याकोबसेन तिथे जिंकायला गेलाच नव्हता. दीडशे स्वारांच्या घोळक्यात, कोपराला कोपर लागत असताना, शरीर काय म्हणतं ते पाहायला तो गेला होता. पडण्याचा क्षण त्याला आठवत नाही असं त्याने सांगितलं आहे, आणि अनेकांना हे सुदैव वाटतं. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. अपघात न आठवणारे पेशंटही बरे झाल्यावर पहिल्यांदा दुचाकीवर मागे बसतात तेव्हा पुढच्याचा शर्ट मुठीत आवळून धरतात. मनाने विसरलेलं बोटांना ठाऊक असतं. म्हणून घोळक्यात परत जाणं आणि तिथे शेवटच्या वळणावर ब्रेककडे बोट न जाऊ देणं, ही दोन वेगळी कामं आहेत. याकोबसेनने ती त्याच क्रमाने केली. एप्रिलमध्ये नुसतं चालवलं, जुलैमध्ये बेल्जियममधल्या वालोनीच्या शर्यतीत अपघातानंतरचा पहिला विजय मिळवला, आणि मग तो स्पेनला गेला.

इथे ग्रुनेवेगेनबद्दल लिहिलं नाही तर उत्तर अर्धवट राहील. त्याच्यावर नऊ महिन्यांची बंदी आली. चूक त्याची होती आणि त्याने ती मान्य केली, पण त्याच्या कुटुंबाला इतक्या घाणेरड्या धमक्या आल्या की घराला पोलिसांचा पहारा लागला. दोघांची भेट झाली, त्या भेटीवरूनही वाद झाला. पुढे जुलै 2022 मध्ये टूर द फ्रान्सची सुरुवात डेन्मार्कमध्ये झाली तेव्हा दुसऱ्या टप्प्यात, सुमारे अठरा किलोमीटरचे समुद्रावरचे पूल ओलांडून न्यूबोर्गला, याकोबसेन जिंकला. दुसऱ्याच दिवशी सोनेरबोर्गला ग्रुनेवेगेन. कथा रचणाऱ्याने असं लिहिलं असतं तर मी ते अतिगोड म्हणून बाजूला ठेवलं असतं. आणि उताराची अंतिम रेषा आखणाऱ्यांचं, तसली बॅरिकेडं उभी करणाऱ्यांचं काय? बॅरिकेडांचे नियम नंतर कडक झाले. पण शिक्षा भोगलेला एकच चेहरा लोकांना आठवतो, आणि आपल्या रस्त्यांवरच्या अपघातांत रोज हेच पाहणाऱ्या मला त्यात नवल वाटलं नाही.

आता फोटोकडे येते. तो त्याच टूरच्या सतराव्या टप्प्याचा आहे. पिरेनीज पर्वतात चार घाट चढून पेराग्यूदला पोचायचं होतं, आणि अंतिम रेषा डोंगरावरच्या एका छोट्या विमानतळाच्या धावपट्टीवर होती. ती इतकी तिरकी आहे की काही ठिकाणी चढ 16 टक्क्यांचा होतो. तादेय पोगाचार पहिला आला, मागे योनास विंगेगोर. एकूण विजेतेपदासाठी झुंजणाऱ्या या दोघांची सगळ्यांनी चर्चा केली. ग्रँड टूरमध्ये एक निष्ठुर नियम असतो: विजेत्याच्या वेळेवरून त्या दिवसाची कमाल मुदत ठरते, आणि तिच्या आत न पोचणारा दुसऱ्या दिवशी घरी जातो. स्प्रिंटर वजनदार असतात, घाटात ते मागे पडतात, आणि शर्यतीची ही दुसरी बाजू टीव्हीवर फारशी दिसत नाही. कॅलक्युलेटर घेऊन घाट चढण्यासारखं ते असतं.

त्या दिवशी याकोबसेन सर्वांत शेवटी होता. घड्याळ संपत आलं होतं, रेषेपाशी त्याच्या संघातली माणसं ओरडत उभी होती, आणि अडीच आठवड्यांपूर्वी टूरचा टप्पा जिंकलेला हा माणूस चालणाऱ्याने गाठावं इतक्या सावकाश त्या धावपट्टीवरून वर येत होता. मुदतीला वीस सेकंदही उरले नसताना त्याने रेषा ओलांडली. मी ते दवाखाना बंद केल्यानंतर, टेबलावरच्या छोट्या पडद्यावर पाहिलं, आणि काउंटरवरच्या ताईंनी आत डोकावून "कोण जिंकलं?" असं विचारलं तेव्हा मला पटकन उत्तर देता आलं नाही. पुढच्या महिन्यात म्यूनिकला तो युरोपचा विजेताही झाला, पण तोवर हा फोटो छापून, चौकट करून भिंतीवर गेला होता.

मागच्या महिन्यात त्या भाकरीवाल्या मुलाची आई तो तपासणीला आला तेव्हा सोबत होती. मुलाच्या कमरेची आणि जबड्याची जखम पाहून झाल्यावर, हात धुताना, मी तिला हे सगळं जरा सविस्तर सांगितलं. ती फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे ह्याचा नंबर आलाच नाही?"

"आला ना. शेवटचा."

"पण दुसऱ्या दिवशी खेळू दिलं?"

"दिलं."

"मग झालं तर," असं म्हणून तिने मुलाला उठवलं आणि इम्प्लांटची पुढची तारीख विचारली.