मर्यादवेल: ओळख पक्की, आता बी रुजवणं

कोकणातल्या पुळणीवर नुसत्या फुलावरून मर्यादवेल ठरवायला गेलं की गफलत होते. बेशरमाच्या झुडपाचं फूलही तसंच, नरसाळ्यासारखं आणि गुलाबी-जांभळं. म्हणून या नोंदी पानापासून सुरू केल्या आहेत.

पान आपट्यासारखं टोकाशी दुभंगलेलं, पण जाड आणि गुळगुळीत. देठ मोडला की पांढरा चीक येतो. देठ पात्याला मिळतो तिथे भिंगातून दोन बारीक ग्रंथी दिसतात, त्या फोटोत याव्यात. बेशरमाचं पान अखंड असतं आणि झुडूप उभं वाढतं. मर्यादवेल वाळूवर सरपटते, पेरापेराला मुळं धरते. अबईच्या जातकुळीतला एक गुलाबी फुलांचा वेलही इथेच पसरतो, मात्र त्याचं पान त्रिदल आणि फूल वाटाण्याच्या घाटाचं. फुलांचे फोटो सकाळीच घ्यावेत, दुपारपर्यंत ती मिटून कोमेजतात.

समुद्र या वेलीची मर्यादा ओलांडत नाही, असं किनाऱ्यावर मानतात. या समजुतीमागे नीट निरीक्षण आहे. वेलीची खालची कड नेहमीच्या भरतीच्या जरा वरच थांबते. उधाणात पाणी त्यापलीकडेही जातं, वेल तुटते, पण गाडले गेलेले तुकडे पुन्हा मूळ धरतात. शेजारी रावणाच्या मिशा, म्हणजे वाळूवर गडगडत जाणाऱ्या गोल काटेरी तुऱ्यांचं गवत, असेल तर तेही नोंदवावं; वाळू धरून ठेवण्याचं काम दोघं मिळून करतात.

बी वाळलेल्या बोंडांतूनच घ्यावं, वेल उपटू नये. बोंडात साधारण चार बिया, गडद आणि तपकिरी लव असलेल्या. कवच पाणी आत घेत नाही, म्हणून बी समुद्रात महिनोन्महिने तरंगतं. आणि म्हणूनच तसंच पेरलं तर पडून राहतं. नाळेच्या खुणेच्या, म्हणजे बी बोंडात जिथे जोडलेलं होतं तिथल्या डागाच्या, विरुद्ध बाजूला पॉलिश पेपरने आतला फिकट भाग दिसेपर्यंतच घासावं. जास्त घासलं तर गर्भ दुखावतो आणि बी कुजतं. रात्रभर भिजवून फुगलेलं बी दीड सेंमी खोल पेरावं, तीन भाग वाळू आणि एक भाग मातीत. न फुगलेलं पुन्हा घासावं. कुंडीत पाणी साचू देऊ नये, मूळकुज लगेच लागते.

उगवल्यावर दुभंगलेली बीजपत्रं पाहून लेबल लावण्याची घाई नको. आयपोमिया, म्हणजे मर्यादवेल आणि बेशरम ज्यात मोडतात त्या कुळीतल्या, बऱ्याच जातींची बीजपत्रं तशीच असतात. खरी पानं येऊन त्यांना टोकाशी खाच दिसेपर्यंत नोंदवहीत प्रश्नचिन्हच ठेवावं.