एक सर, तीन तऱ्हेची माती: मनोरी, गोराई, उत्तन सायकलवर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अवकाळी सर येऊन गेली आणि आमच्या ग्रुपवर लगेच विचारणा सुरू झाली: भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची राईड करायची की नाही? मुंबईच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या मार्वे ते उत्तन या वाटेला "पाऊस झाला, रद्द" किंवा "ऊन पडलंय, चला" असं सरसकट उत्तर देताच येत नाही. एका दिवसात इथे पुळण (किनाऱ्याची वाळू), टेकडी आणि खाजण (खाडीकाठची खारी, चिखलट जमीन) अशा तीन जमिनी चाकाखाली येतात. सर तिघींवर सारखीच पडते, पण प्रत्येकीची वाळायची रीत निराळी.

पुळणीला पावसाचं सोयरसुतक नाही, तिचं सगळं ओहोटीवर. किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून चोख चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. आमची तृतीया होती, म्हणजे भरती सव्वादोनच्या आसपास आणि ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. त्या बेताने मार्व्याहून मनोरीची फेरीबोट पकडली. सायकल बोटीत चढते, फक्त सुटे पैसे जवळ ठेवा.

गोराईच्या किनाऱ्यावर सायकल कुठून न्यायची हे वाळूच सांगते. वरची कोरडी वाळू चाक गिळते. पाण्यालगतची, आरशासारखी चमकणारी वाळू पाण्याने इतकी भरलेली असते की वजन पडताच ढासळते. मधला गडद पण न चमकणारा पट्टा तेवढा धरायचा. तिथे कणांमधलं थोडंसं पाणी वाळूला घट्ट बांधून ठेवतं आणि टायरच्या नक्षीचा ठसा कडेसकट स्वच्छ उमटतो. ठशाच्या कडा विरघळायला लागल्या की वर सरका. माझ्या २.२ इंची टायरमध्ये डांबरावर ३५ पीएसआय हवा असते, वाळूत ती २० च्या आसपास आणतो. छोटा पंप बरोबर हवाच, कारण पुढे टेकडीला २६-२८ लागते. वाळूतल्या कमी हवेवरच गेलात तर दगडावर ट्यूब रिमखाली चेपून फुटते.

उत्तनकडच्या टेकड्यांवर दिवसाचा खरा आनंद मिळाला. मुंबईचा बहुतेक पाया काळ्या बेसाल्टचा आहे, पण मनोरी, गोराई, डोंगरी या पट्ट्यात ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट हे फिकट रंगाचे ज्वालामुखी खडक सापडतात. त्यांत सिलिका जास्त, त्यामुळे झिजून होणारा चुरा भरड आणि खरखरीत असतो. बेसाल्टपासून होणाऱ्या काळ्या मातीतला चिकण भाग पाणी पिऊन फुगतो आणि टायरला लपेटतो. इथला मुरूम पाणी धरून ठेवत नाही. तिसऱ्या दिवशी वाट वरून कोरडी, आत किंचित ओलसर आणि पकड इतकी सुरेख होती की चढावर उभं राहून पेडल मारलं तरी मागचं चाक सुटलं नाही. थोडा ओलावा उरलेला मुरूम हीच सगळ्यात चांगली अवस्था. एप्रिल-मे महिन्यात हीच वाट धोक्याची होते, कारण टणक थरावर सुटे खडे पसरतात आणि उतारावर पुढचं चाक त्यांवरून घसरतं.

पण उतार कुठल्या दिशेला तोंड करून आहे हेही बघा. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेकडच्या झाडीतल्या दगडांना ऊन कमी मिळतं, तिथे पावसाळ्यातलं शेवाळ तग धरून असतं, वर पहाटेचं दव. अशा दगडावर ब्रेक मारू नये. आधीच वेग कमी करून चाक सरळ ठेवून पार व्हायचं. वाटेत डबकं आलं तर मधून जा. कडेकडेने जाणाऱ्यांमुळे पायवाट रुंदावते, गवत मरतं आणि पुढच्या जूनमध्ये ती माती वाहून जाते. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ब्रेक दाबून घासत नेलेल्या चाकाची चरी त्या पाण्याला आयता पाट मिळवून देते.

राई-मोरव्याकडच्या खाजणात मात्र आम्ही उतरलोच नाही. वरून पांढुरका, भेगाळलेला पापुद्रा दिसतो आणि माणूस फसतो. अंगठा दाबला की खाली लोण्यासारखा गाळ. मातीची वळी करून पाहायची. ती न तुटता लांब झाली तर सायकल बांधावर घालायची नाही. मिठागराच्या बांधावर काम करणारे काका म्हणाले, "दादा, चाक रुततं तिथूनच पाणी फुटतं." पावसाळा संपल्यावर हे लोक हाताने बांध लिंपून घेतात, त्यावर चर पाडायचा आपल्याला काहीही अधिकार नाही. तिवरांच्या झाडीत तर कोरड्या दिवसातही शिरू नये. आम्ही मुकाट्याने डांबरी रस्ता धरला आणि भाईंदर गाठलं.

तुम्ही जाणार असाल तर माझा ठोकताळा असा: एखादी सर पडून गेल्यावर टेकडीला एक-दोन दिवस ऊन द्या, खाजणाच्या वाटांना आठवडा, आणि पुळणीसाठी फक्त तिथी बघा. मोठा पाऊस झाला असेल तर टेकडीलाही जास्त वेळ द्या. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळी सहा-सातला ओहोटी मिळते, अष्टमीला थेट दुपारी, डोक्यावर ऊन घेऊन. टेकडीवर पाणी मिळेल असं धरू नका, माणशी दोन लिटर तरी घ्या. चौकजवळच्या धारावी किल्ल्यापर्यंत जायला जमलं तर जरूर जा. खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. घरी आल्यावर आंघोळीच्या आधी सायकल गोड्या पाण्याने धुवा, जोराचा फवारा बेअरिंगवर न मारता. साखळी पुसून त्याच संध्याकाळी तेल द्या, रात्रभर राहिलेलं मीठ सकाळी तांबेरा होऊन दिसतं.