रकाना चौथा : सोबत कोण

माझी फियाट १९८४ची. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी. पण आमच्या सांगलीत तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली, तेव्हा चार जणांनी फोन करून माझं सांत्वन केलं. माझी तर चालू होती. म्हणजे, बहुतेक वेळा.

त्या उन्हाळ्यापासून तिला नवीनच खोड लागली होती. चांगली चालता चालता गपकन बंद. पेट्रोल तापून अडलं की बॉनेटखालच्या पंपावर ओलं फडकं टाकून पुरवायचे ते उन्हाळी लाड मला माहीत आहेत. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी अडखळते, खोकते, दोन-तीन गचके देऊन मग बसते. ही तशी नव्हती. घरातला दिवा बटण दाबून घालवावा तशी जायची. म्हणजे करंटचाच मामला. खाली उतरून बॉनेट उघडेपर्यंत सगळं ठीक, सेल्फ मारला की पहिल्या फटक्यात सुरू.

मिस्त्री म्हणाले, "काका, कॉइल." ठिणगीसाठी बारा व्होल्टचे हजारो करणारी ती कॉइल बदलली. मग कंडेन्सर. मग डेलकोचं, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं, टोपण काढून पॉइंट घासले, फीलर गेजने गॅप लावला. आठ दिवस बरी चालली आणि विश्रामबागेतल्या स्पीडब्रेकरवर पुन्हा गेली. त्यांचा तरी काय दोष? गॅरेजमध्ये नेली की ती शहाण्या मुलासारखी वागायची.

मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली. खटखट वाजणाऱ्या जुन्या स्ट्रोजर एक्स्चेंजपासून. पावसात मरणाऱ्या आणि ऊन पडलं की आपोआप जिवंत होणाऱ्या लाइनी शोधण्यात माझी जवानी गेली. बारा व्होल्टच्या गाडीने मला नाचवावं हे जरा लागलं. मग तिथलीच सवय काढली : फॉल्ट कुठे आहे ते नंतर, आधी तो केव्हा येतो ते लिहायचं. शंभर पानी वही घेतली. रकाने पाच : वेळ, ऊन की पाऊस, रस्ता कसा, सोबत कोण, आणि काटा.

काटा म्हणजे पेट्रोलचा. त्याला करंट मिळतो तो इग्निशन स्विचमधूनच. गाडी बंद पडल्यावर काटाही झोपला, तर बॅटरीपासून स्विचपर्यंत काहीतरी तुटलंय. काटा उभा असेल तर तिथवर करंट येतोय, मग भानगड स्विचच्या पुढे. एका नजरेत अर्धी गाडी बाद होते. माझा काटा प्रत्येक वेळी उभा होता.

पुढचा संशय स्विच ते कॉइल या वायरवर. मल्टीमीटरचा बझर लावला, छान वाजला. इथे मी दोन आठवडे वाया घालवले. बझरला काय, केसाएवढी एक तार शाबूत असली तरी तो वाजतो, कारण मीटर सोडतो तो करंट नावापुरता. कॉइल तीन-चार अँपिअर खेचते. शिवाय मी तपासायचो गाडी अंगणात उभी असताना, म्हणजे रोगी गाढ झोपलेला असताना नाडी बघायची.

शेवटी जुना उपाय. इंडिकेटरचा एक बल्ब घेतला, कॉइलच्या पॉझिटिव्हपासून लांब वायर काढून बॉनेटच्या फटीतून आत आणली, दुसरं टोक बॉडीला अर्थ, आणि बल्ब डॅशबोर्डवर चिकटपट्टीने लावला. कॉइलला करंट आहे तोवर दिवा चालू. गाडी गेली आणि दिवा चालूच राहिला, तर दोष कॉइलच्या पुढे, डेलकोकडे. दिवाही गेला, तर वायरमध्ये.

तोवर वहीत अकरा नोंदी झाल्या होत्या. सगळ्या खड्ड्यांच्या किंवा स्पीडब्रेकरच्या. ऊन-पावसाचा मेळ लागेना. चौथा रकाना मात्र बोलत होता : अकरापैकी नऊ वेळा सौ. सोबत. हे मी घरी वाचून दाखवलं, ही चूक.

"म्हणजे गाडीला माझं वावडं आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

बारावी नोंद तासगावच्या रस्त्यावर. खड्डा आला, इंजिन गेलं, दिवाही गेला. काटा उभा. मी म्हटलं, "कशालाही हात लावू नकोस." ती म्हणाली, "अहो, पाणी तरी पिऊ की नको?" आणि समोरच्या कप्प्यातून तिने तांब्याची बाटली काढली. दिवा लागला.

बाटली परत ठेवायला लावली, कप्प्यावर दोन थापा मारल्या. दिवा गेला. काढली, लागला.

त्या कप्प्याचा तळ पुठ्ठ्याचा. वजन पडलं की तो मागे-खाली वाकतो. गाडी बंद पडली की ही आधी पाणी प्यायची, आणि मी बॉनेटपाशी पोहोचेपर्यंत दुखणं बरं. उरलेल्या दोन नोंदींत मी एकटाच होतो. तेव्हा कप्प्यात पान्यांची थैली होती आणि तपासायला उतरताना ती मी स्वतःच बाहेर काढायचो!

पण इग्निशनची वायर कप्प्यामागे कशाला आली? घरी येऊन पुठ्ठा काढला. मागे एक चोर स्विच, म्हणजे चोराला गाडी सुरू करता येऊ नये म्हणून कॉइलचा करंट तोडणारा लपवलेला स्विच, आणि तिथवर फिरवून आणलेली वायर. वायर बोटांत धरून वाकवली तर एका जागी लुसलुशीत लागली; आवरण शाबूत, आतल्या तारा तुटून काळ्या पडलेल्या. बरोबर सोल्डर जिथे संपतं तिथे. सोल्डर तारांमध्ये झिरपतं, तेवढा भाग सळईसारखा कडक होतो आणि हादऱ्यांनी तारा त्या कडेलाच एकेक करून तुटत जातात. एक्स्चेंजमध्ये बसवलेल्या वायरींना असे हादरे नसतात, तिथे सोल्डरसारखं काही नाही. गाडीत थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, दाबून बसवायची आणि वायरला थोडी ढील द्यायची.

"कुठल्या गाढवाने हा जॉइंट मारलाय," असं मोठ्याने म्हणतच मी वरची टेप सोडवली. खाली कागदी स्लीव्ह निघाली. केबल जॉइंटला आम्ही वापरायचो ती. पिळाही ओळखीचा. १९९८मध्ये शेजारची गाडी चोरीला गेली होती, तेव्हा एका रविवारी मीच बसवला होता हा स्विच.

सौ. दारात उभी होती. "कळलं का नाव?" तिने विचारलं.

चोर स्विच काढून टाकला. कॉइलला नवी दीड चौरस मिलिमीटरची वायर सरळ ओढली, थिंबल मिस्त्रींकडून दाबून घेतल्या. वहीतला चौथा रकाना तिने पेनने खोडलाय, आणि बाटली आता त्याच कप्प्यात, भरलेली असते.