आधी गटार, मग घर

फ्रांकफुर्टच्या आसपास गव्हाच्या शेतात नवी वसाहत होणार असली, की तिथे आधी येतात खोदाईची मशिनं आणि पाइपांचे ढीग. सांडपाण्याची एक लाइन, पावसाच्या पाण्याची वेगळी लाइन, मग पिण्याचं पाणी, वीज, केबल, आणि त्यावर तात्पुरता रस्ता. कित्येक महिने तिथे दिव्याचे खांब असतात, पण घर एकही नसतं. रस्ता, पाणी आणि सांडपाण्याची सोय पक्की असल्याशिवाय घराला परवानगी मिळत नाही, असा जर्मनीचा बांधकाम कायदा आहे.

जळगाव, धुळे, भुसावळच्या कडेला हा क्रम उलटा चालतो. वावर बिनशेती होतं, फक्की मारून प्लॉट आखले जातात, चार कोपऱ्यांना खुंट ठोकतात, घरं होतात. गटाराची मागणी दहा वर्षांनी, मोर्चा काढून होते.

शहरं का वाढतात, हे खानदेशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दोन पिढ्यांच्या वाटण्यांनंतर वाट्याला दीड-दोन एकर येतात. रावेर-यावलला बोअर खोल खोल जात राहिले, कापसाचा भाव हातात नाही, आणि मुलगी देताना लोक नोकरी विचारतात, शेती नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरातले ४५ लोक शहरात राहत होते. जळगाव जिल्ह्यात सुमारे ३२, नंदुरबारमध्ये सुमारे १७. हे आकडे पाहून खानदेश अजून खेड्यातच आहे असं वाटेल. पण सुरतच्या लिंबायत, उधना, डिंडोलीत राहणारा आपला माणूस गुजरातच्या खात्यात मोजला जातो. आपलं निम्मं शहर सुरतमध्ये वसलंय असं म्हटलं तर फार चूक नाही. गावात उरतात म्हातारे आई-बाप. आणि शहराच्या कडेचा शेतकरी एकदाच मोठी रक्कम घेऊन जमिनीतून बाहेर पडतो. ती रक्कम लग्न, घर आणि गाडीत संपली की त्याच शिवारात उभ्या राहिलेल्या कॉलनीत तो वॉचमन होतो. शहरीकरणाचा हा सगळ्यात वाईट परिणाम आहे, आणि तो टाळता येतो.

आधी जमिनीखालचं बघू. गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं. पाच माणसांचं घर म्हणजे रोजचे ५४० लिटर. शंभर घरांची कॉलनी म्हणजे ५४ हजार लिटर. गटार नसेल तर हे शौचटाकी आणि शोषखड्ड्यात जातं. पण तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरायचं थांबतं. मग श्रावणात शोषखड्डा वर येतो आणि घरमालक गवंड्याला दोष देतो. दोष मातीचा असतो. बांधकामाआधी एवढं करून बघा: जिथे शोषखड्डा येणार तिथे, तेवढ्याच खोलीवर, फूटभर रुंदीचा खड्डा घ्या, रात्रभर भिजू द्या, सकाळी पुन्हा पाणी भरून पातळी मोजा. एक इंच उतरायला तासाहून जास्त लागला तर तिथे शोषखड्डा चालणार नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा बोअर यांत किमान १८ मीटर, म्हणजे ५९ फूट हवेत. आपला नेहमीचा ३० बाय ५० चा प्लॉट घ्या. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपं मोजलं तरी ५८ फूट भरतात. म्हणजे स्वतःच्याच प्लॉटवर नियम पाळणं अशक्य, आणि शेजाऱ्याचा शोषखड्डा तर कुंपणाला लागून. कॉलनीभर बोअर आणि कॉलनीभर शोषखड्डे असले, की एकमेकांचंच पाणी प्यायलं जातं.

उतार हा तिसरा घोळ. गटाराला शंभरात एक उतार द्यायचा तर शंभर मीटरवर ते एक मीटर खाली जातं. शेजारच्या दोन वावरांचे लेआउट दोन वेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षी, आपापली पातळी धरून केले, तर एकाचं गटार दुसऱ्याच्या ओट्यावर निघतं. रस्तेही असेच समोरासमोर जुळत नाहीत.

जर्मनीत यावर उपाय आहे ‘उमलेगुंग’. फ्रांकफुर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांनी त्यासाठी १९०२मध्ये कायदा करून घेतला. पूर्ण शिवाराची जमीन कागदावर एकत्र करायची, रस्ते आणि बागा वजा करायच्या, आणि उरलेली प्रत्येकाला त्याच्या हिश्शाने, चौकोनी आणि रस्त्याला लागून परत द्यायची. नव्या वसाहतीत क्षेत्रफळाने वाटप असेल तर कपात जास्तीत जास्त ३० टक्के. दोन एकरवाल्याला ५६ गुंठे परत मिळतात, पण ते घर बांधण्याजोगे. शेतकरी मालक राहतो. हवं तर एक प्लॉट विकतो, बाकी ठेवतो. फुकट काही नाही: रस्त्यांच्या खर्चाचा ९० टक्क्यांपर्यंत भार जमीनमालकांवर येतो. शिवाय या सगळ्याला वर्षं लागतात, आणि घरं कमी पडून भाडी चढतात, हेही खरं.

धुळ्याकडच्या पांझरा नदीच्या काठावर मिळून पाणी वाटायची फडपद्धती चालवलेल्या लोकांना यात नवं काय? बंधारा सगळ्यांचा, फडात एकच पीक, पाणी पाटकऱ्याने द्यायचं, पाटाची डागडुजी मिळून करायची. कायदाही आपल्याकडे आहे. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ साली झाला, आणि महाराष्ट्राच्या १९६६च्या कायद्यातही नगररचना योजना, म्हणजे जमीन एकत्र करून आखून परत वाटायची हीच सोय, आहे. गुजरातने ती भरपूर वापरली. सुरतमधले नातेवाईक ‘टीपी’ (टाउन प्लॅनिंग) म्हणतात ती हीच. आपण मात्र लेआउटमागून लेआउट पाडत राहिलो.

प्लॉट घेणाऱ्याने सातबारा आणि बिनशेतीच्या आदेशावर थांबू नये. मंजूर लेआउटचा नकाशा मागा, ओपन स्पेस जागेवर आहे का ते पायी जाऊन बघा, आणि सांडपाणी शेवटी कुठल्या नाल्याला मिळतं ते विचारा. एकूण जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर प्लॉटच्या प्रकल्पालाही महारेराची, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते.

ज्यांचं वावर शहराच्या कडेला आहे त्यांनी प्रारूप विकास आराखड्याकडे, म्हणजे शहर कुठे कसं वाढणार याच्या सरकारी कच्च्या नकाशाकडे, लक्ष ठेवावं. तो प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांना ठरावीक दिवसांचीच मुदत मिळते. एकेकट्याने जाण्यापेक्षा लागून असलेल्या गटांच्या मालकांनी मिळून अर्ज द्यावा आणि नगररचना योजनेची मागणी लेखी करावी. सोबत गटांचा नकाशा जोडा आणि त्यावर पावसाळी नाला लाल पेनाने दाखवा. प्लॉट पडायला लागले की सगळ्यात आधी बुजतो तो नाला.